मोहरील भाऊजींची लाल चिठ्ठी

प्रिय इरा आणि नील,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर इरा मला म्हणाली, "आजी, मी तुझं नाव सर्च केलं. एकच गोष्ट निघाली." आणि तिनं ती एकेक अक्षर जुळवत मोठ्यानं वाचली: ‘या मुलाखतीतील दोन वाक्ये वेबसाइटचे काम पाहणाऱ्या श्रीमती कुंदा डबीर यांनी संपादकाला न विचारता काढून टाकली होती.’ तिच्या मागून नीलनं डोकं पुढे काढलं आणि काळजीनं विचारलं, "आजी, आर यू इन ट्रबल?"

नाही रे बाळा, आता नाही. तेव्हा मात्र होते.

एकतीस वर्षं मी जबलपुरात मुलांना इंग्रजी शिकवलं. माझ्या कपाटात प्रत्येक डब्यावर नाव असतं आणि प्रत्येक फाइलवर तारीख. अशा बाईचं जगात एवढंच नाव उरावं, आणि तेही गुन्ह्यासकट, हे तुमच्या आजोबांना फार आवडतं. आल्यागेल्याला ते स्वतः उघडून दाखवतात. पण ते वाक्य ज्यांनी लिहिलं त्यांच्याविषयी तुम्हाला काहीच माहीत नाही. नील त्यांना एकदा भेटलेला आहे. तेव्हा तो त्यांच्या मांडीवर बसून त्यांची पेन्सिल चावत होता. त्यांनी पेन्सिल काढून घेतली, उजेडात धरून नीट पाहिली आणि म्हणाले, "चार दात आहेत. पाचवा येऊन राहिला." पाचवा दात आम्हाला दोन दिवसांनी दिसला.

हे गजानन मोहरील. इथल्या एका डिफेन्स फॅक्टरीत तुमच्या आजोबांचे सोबती, म्हणून माझे मोहरील भाऊजी. मूळचे अमरावतीकडचे, पण वडिलांच्या नोकरीपायी जन्म इथला. आमच्या मदन महालच्या घरापासून त्यांचं घर चौथं. उंच, सडपातळ, मे महिन्यातही शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटणं लावून बंद. खिशात एक पेन्सिल, एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी. दोन्ही टोकं ते ब्लेडनं इतकी बारीक करायचे की बायका त्यांच्या शेजारी बसताना पदर सांभाळून बसत.

फॅक्टरीत ते इन्स्पेक्शनला होते. तयार झालेला पार्ट मापून बघायचा. बरोबर असेल तर शिक्का मारायचा, नसेल तर परत पाठवायचा. आयुष्यभर हेच केल्यावर माणूस घरी येऊन वेगळा कसा होणार? आमच्याकडे आले की आधी दाराची कडी हलवून बघायचे. खुर्चीत बसण्यापूर्वी तिचे चारही पाय टेकतात का ते बघायचे. कोणी काही बातमी सांगितली की त्यांचा एकच प्रश्न ठरलेला: "पाहिलं, की ऐकलं?" स्वतःच्या लग्नाची बोलणी चालू असतानासुद्धा, ‘मुलगी सुस्वभावी आहे’ असं मध्यस्थ म्हणाला तेव्हा त्यांनी हेच विचारलं होतं म्हणे. त्यांच्या बायकोनं, सुधाताईंनी, ते आतून ऐकलं आणि तेव्हाच ठरवलं, की या माणसाशी लग्न करून त्याला चांगलंच दाखवायचं.

रिटायर झाल्यावर इथल्या मराठी मंडळानं त्यांना आपल्या त्रैमासिकाचं संपादक केलं. त्रैमासिकाचं नाव ‘धुवाँधार’, भेडाघाटच्या धबधब्यावरून. नाव तेवढं धुवाँधार. वाचक म्हणजे मंडळाचे सभासद आणि सभासदांचे व्याही. आधीचे संपादक कविता छापायचे. भाऊजींना कविता मापता येईनात, म्हणून त्यांनी मुलाखती सुरू केल्या. जबलपुरात कोणी नावाजलेलं माणूस आलं, गायक, खेळाडू, शास्त्रज्ञ, की भाऊजी परीक्षेचं पॅड आणि ती दोन तोंडांची पेन्सिल घेऊन हजर.

त्यांची पद्धत त्यांनीच बनवलेली होती. आधी सगळं लिहून घ्यायचं. मग त्या माणसाला उठू द्यायचं नाही. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत त्यालाच वाचून दाखवायचं आणि प्रत्येक परिच्छेदानंतर विचारायचं, "मंजूर?" तो हो म्हणाला की समासात निळी खूण. नाही म्हणाला की तिथेच लाल. एकदा सगळ्या खुणा निळ्या झाल्या की मग विषय संपला. "शिक्का बसला. आता ब्रह्मदेव आला तरी काढणार नाही."

एकदा सदर बाजारातल्या एका हॉटेलात उतरलेल्या गायिकाबाईंनी त्यांना सांगून टाकलं, "तुमच्या गावचे श्रोते प्रेमळ आहेत हो, पण टाळ्या नेमक्या चुकीच्या जागी वाजवतात." भाऊजींनी ते लिहिलं, वाचलं, विचारलं, "मंजूर?" बाई हसत म्हणाल्या, "मंजूर." अंक निघाला आणि मंडळात आग लागली. अध्यक्ष स्वतः घरी आले.

"मोहरील, हे वाक्य पुढच्या अंकात मागे घ्या."

"माझं नाही ते. मी कसं मागे घेऊ?"

"मग छापलं काहून?"

"बोलल्या म्हणून. आणि मी मागे बसून पाहिलं. टाळ्या खरंच चुकीच्या जागी पडल्या." मग जरा थांबून, "पहिली तुमचीच होती."

याचा अर्थ त्यांच्या हातून चूक होत नव्हती असा नाही. चुकीसाठी त्यांच्या अंकात शेवटच्या पानावर एक लाल चौकट असायची. तिला ते ‘चिठ्ठी’ म्हणत. तीही फॅक्टरीतलीच. शिक्का मारून गेलेल्या पार्टमध्ये नंतर दोष सापडला तर दोन रस्ते असतात, असं ते सांगायचे. एक म्हणजे गुपचूप तो काढून जागी दुसरा ठेवायचा. दुसरा म्हणजे त्याला लाल चिठ्ठी बांधायची: काय चुकलं, कोणी पाहिलं, केव्हा. "पहिला रस्ता सोपा आहे वहिनी, आणि सगळ्यात धोक्याचा. काहून की पुढचा माणूस जुन्या मापावर भरवसा ठेवून काम करून राहिला असतो."

या चौकटीतली सर्वांत गाजलेली चिठ्ठी सुधाताईंमुळे निघाली. महिलादिनाच्या अंकात भाऊजींनी स्वतःच्या बायकोची मुलाखत घेतली. घरातल्या घरात, समोरासमोर खुर्च्या मांडून, ‘आपण’ म्हणून. सुधाताई म्हणाल्या, "आमच्या यांनी आजवर एकदाही घरात चहा केलेला नाही." भाऊजींची पेन्सिल थांबली. पण त्यांनी लिहिलं, वाचून दाखवलं आणि विचारलं, "मंजूर?"

"शंभरदा मंजूर," सुधाताई म्हणाल्या.

अंक घरोघरी गेला. बायका त्यांना वाटेत अडवून चहाची चौकशी करू लागल्या. दुसरा कोणी असता तर चिडला असता. भाऊजींनी तीन महिने डोकं खाजवलं आणि पुढच्या अंकात चौकट आली: ‘मागील अंकातील विधान तपासून पाहिले. संपादकाने एकदा चहा केला होता, सासूबाई आजारी असताना. तो कोणी प्यायला नाही, हेही खरे.’

सुधाताई गेल्या त्या वर्षी अंक निघाला नाही. मग करोना आला, छपाई बंदच झाली, आणि मंडळातल्या तरुण मंडळींनी ‘धुवाँधार’ची वेबसाइट केली. तिच्यावर मजकूर चढवायला कोणीतरी नीटनेटकं माणूस हवं होतं. तुमच्या आजोबांनी माझं नाव सुचवलं, बहुतेक मी त्यांचे कपडे पुन्हा पुन्हा घडी घालू नयेत म्हणून. भाऊजी कागदावर लिहून द्यायचे, मी टाइप करायचे. त्यांच्याकडे बटणांचा फोन. वेबसाइट म्हणजे काय ते त्यांनी मला एकदाच विचारलं. मी म्हटलं, "अंकच, पण कधीही दुरुस्त करता येतो." ते म्हणाले, "हे चांगलं नाही."

आता अवनीची गोष्ट. अवनी राजूरकर ही आपल्या मंडळातली मुलगी. गोरखपूरला तिची मावशी राहते, आपल्या जबलपुरातलं गोरखपूर, उत्तर प्रदेशातलं नव्हे. सिनेमात गेल्यावर ती अवनी राज झाली. ‘ऊरकर’चं काय झालं ते भाऊजींनी तिला मुलाखतीत विचारलंच. ती म्हणाली, "काका, पोस्टरवर मावत नव्हतं." चुलतबहिणीच्या लग्नाला आली होती. मावशीच्या घरी जमिनीवर बसून, हातावरची मेंदी वाळवत तिनं भाऊजींना तासभर मुलाखत दिली. मोकळ्या मनाची मुलगी. तिनं बोलता बोलता दोन वाक्यं सांगितली.

पहिलं तिच्या लहानपणच्या एका उणिवेबद्दल होतं, ज्यावरून शाळेत मुलं तिला चिडवायची. ते वाक्य मी इथे लिहिणार नाही. इरा, तू फोनवर विचारशील. विचारू नकोस.

दुसरं असं होतं: ‘मंडळाची नाटकं बसवणाऱ्या मालतीमावशींनी मला स्टेजवर उभं राहायला शिकवलं. मुंबईत पुढे पुष्कळ शिकले, पण उभी राहिले ती गोरखपुरात.’

भाऊजींनी सगळं वाचून दाखवलं. तिनं मंजूर म्हटलं. समासात निळ्या खुणा झाल्या, मी टाइप केलं, आणि त्या एका मुलाखतीला आमच्या वेबसाइटवर इतके लोक आले की ती मधेमधे बंद पडायला लागली.

मालतीबाई म्हणजे शाळेत शिवण शिकवणाऱ्या एक एकट्या बाई. लग्न केलं नाही. दर गणपतीत मंडळाचं नाटक त्या बसवायच्या आणि आम्ही सगळे त्यांना घाबरायचो. किती मुलांना त्यांनी उभं केलं, पण कोणाच्या तोंडून त्यांचं नाव कधी आलं नव्हतं, छापून तर नाहीच. आता वय पंच्याऐंशीच्या पुढे, डोळे अधू. पण भाचीनं ती मुलाखत फोनवर काढून दिली होती आणि मालतीबाई ती प्रत्येकाला वाचायला लावत. दूधवाल्यालासुद्धा. त्याला मराठी येत नव्हती. त्यानं ‘बहुत अच्छा’ म्हटलं, तेवढं त्यांना पुरलं.

महिन्याभरानं मला अवनीच्या मॅनेजरची ईमेल आली. इतकं सुरेख, सभ्य इंग्रजी मला इथे फार दिवसांत वाचायला मिळालं नव्हतं. ‘काइंडली’ तीनदा होतं आणि तिन्ही वेळा योग्य जागी. अवनीला एका मोठ्या टीव्ही कार्यक्रमाचं सूत्रसंचालन मिळण्याची शक्यता आहे, ती दोन वाक्यं तिच्या नव्या परिचयाशी जुळत नाहीत, काढल्यास आभारी राहू. मी दोन्ही वाक्यं काढली. परिच्छेद पुन्हा नीट जुळवला. आधी काही होतं असं कोणाला वाटलंही नसतं. मग त्या गृहस्थांना तितक्याच सुरेख इंग्रजीत उत्तर पाठवलं. भाऊजींना सांगायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मला वाटलं, टेबलावरची धूळ पुसली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मालतीबाईंच्या भाचीच्या मुलीला बघायला रायपूरचे पाहुणे आले. बोलता बोलता अवनीचा विषय निघाला. मालतीबाई म्हणाल्या, "तिला स्टेजवर मी उभी केली. तिनं स्वतः सांगितलंय, बघा." मुलानं आपल्या फोनवर मुलाखत उघडली. वरून खाली वाचली, खालून वर वाचली. मग फोन बंद केला आणि फार गोड आवाजात म्हणाला, "अच्छा, अच्छा. हो ना आजी." म्हातारं माणूस काहीतरी बोलतं तेव्हा आपण बोलतो, तसं. भाची खाली बघत राहिली. मालतीबाई उठल्या आणि पाहुण्यांसाठी चहा टाकायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी भाऊजींना फोन केला. एकच वाक्य बोलल्या: "गजानन, तू माझं नाव काढलंस काहून?"

आदल्या दिवशीची हकीकत भाचीनं फोन घेऊन सांगितली, आणि भाऊजी सरळ आमच्याकडे आले. त्या दिवशी त्यांनी दाराची कडी हलवून पाहिली नाही, खुर्चीही तपासली नाही. उभ्या उभ्याच म्हणाले, "वहिनी, अवनीची मुलाखत उघडा." मी उघडली. त्यांनी खिशातून आपला मूळ कागद काढला आणि स्क्रीनवरच्या ओळीशी बोटानं ताडून पाहू लागले. बोट एका जागी थांबलं.

"इथला पार्ट कुठे गेला?"

मी त्यांना मॅनेजरची ईमेल दाखवली. त्यांना इंग्रजी येत होतं, पण त्यांनी माझ्याकडून तिचं मराठी करून घेतलं. मराठीत ती तितकी सुरेख वाटली नाही.

"तुम्ही काढलं, ते एक वेळ ठीक," ते म्हणाले, "पण चिठ्ठी नाही बांधली. वहिनी, तिकडे एक म्हातारी बाई काल खोटी ठरली."

मग त्यांनी पाहुण्यांची हकीकत सांगितली. मी लगेच म्हणाले, आत्ता दोन्ही वाक्यं परत टाकते, दोन मिनिटांचं काम. मला वाटलं ते खूश होतील. पण ते म्हणाले, "थांबा. पोरीला विचारू द्या."

तुमचे आजोबा पेपरमधून म्हणाले, "आता काय विचारायचं? तुझा तर शिक्का बसलेला आहे. ब्रह्मदेव आला तरी."

"ब्रह्मदेव नाही ना आला," भाऊजी म्हणाले. "पोरगी आली आहे."

अवनीच्या मावशीकडून नंबर घेतला. माझ्या फोनचा स्पीकर लावून आम्ही तिघं टेबलाभोवती बसलो.

"बेटा, मोहरील काका बोलून राहिलो. जबलपूर."

"काका! मी शूटवर आहे, पाच मिनिटं आहेत फक्त."

"मला तीन पुरतात. ते काढायला तू सांगितलंस, की त्या मॅनेजरनं आपल्या मनानं केलं?"

ती म्हणाली, "मीच सांगितलं काका."

"अच्छा."

"मी बोलले होते, खरं आहे. तुम्ही वाचून दाखवलं, मी हो म्हटलं, तेही खरं. पण तेव्हा मी मावशीच्या घरी खाली बसले होते हो, सगळी आपली माणसं. मला वाटलं ‘धुवाँधार’ म्हणजे आपल्या घरातलंच. शाळेत वर्गातली मुलं नक्कल करायची. आता अख्खा देश करेल. तुम्ही पाहिलं नाही काका, लोक काय काय करतात."

भाऊजींनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसला. मी त्यांना ओळखत होते. ते माप शोधत होते.

"पहिलं वाक्य तुझं आहे," ते शेवटी म्हणाले. "तुझ्या एकटीचं. ते काढतो. पण गुपचूप नाही. एक वाक्य होतं, तुझ्या विनंतीवरून काढलं, एवढं खाली लिहीन. काय होतं ते लिहिणार नाही. चालेल?"

"चालेल."

"आता दुसरं. त्यात तू आहेस, तशा मालतीबाई पण आहेत. ते तू एकटी कसं काढशील?"

"काका, ते मॅनेजर म्हणाला की परिचयात मुंबईपासूनच सुरुवात ठेवू, म्हणून..."

"काल मालतीबाईंनी पाहुण्यांसमोर ते उघडायला सांगितलं. तिथे नव्हतं."

पलीकडे कोणीतरी हिंदीत ‘मॅडम, रेडी’ म्हणून हाक मारली. तिनं त्याला थांबायला सांगितलं.

"मग? मालतीमावशी काय म्हणाल्या?"

"काही नाही. पाहुण्यांना चहा दिला."

तीन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती.

"ते ठेवा काका," ती म्हणाली. "मॅनेजरला मी बघते. ते ठेवा."

फोन बंद झाल्यावर भाऊजींनी मूळ कागदावरच्या त्या वाक्यापुढची निळी खूण पाहिली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा," ते तुमच्या आजोबांना म्हणाले, "शिक्का मारलेला पार्ट मी आपल्या हातानं काढून राहिलो. बरोबर केलं का रे?"

"तूच माप. माझं काम मशीनवरचं होतं."

"याला माप नाही," भाऊजी म्हणाले. "पोरीला हसतील ते मोठं, की छापलेलं तसंच राहावं ते मोठं? अर्धं ठेवलं, अर्धं कापलं. कापताना हात अडला नाही, हे चांगलं की वाईट, तेही समजून नाही राहिलं."

मी चहा केला. त्यांनी तो प्यायला. माझ्या जिवात जीव आला, कारण मला वाटलं प्रकरण मिटलं. तेव्हा त्यांनी पॅड पुढे ओढलं, पेन्सिल उलटी करून लाल टोक खाली आणलं आणि चिठ्ठी लिहायला घेतली. पहिलीच ओळ तुम्ही वाचली आहे.

"भाऊजी," मी म्हटलं, "नाव कशाला? ‘तांत्रिक कारणामुळे’ असं लिहा ना. सगळे तसंच लिहितात."

"तांत्रिक कारण म्हणजे कोण?" त्यांनी विचारलं. "राहतं कुठे?"

"अहो, पण लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, अवनीनं बाईचं नाव पुसलं. नाही तर म्हणतील, मालतीबाई खोटं बोलत होत्या, आता मंडळानं दया केली. बिननावाची चूक कोणाच्याही गळ्यात पडते वहिनी. तुमची तुमच्या गळ्यात राहू द्या. तुमचा गळा मजबूत आहे."

स्वतःलाही त्यांनी सोडलं नाही. पुढे लिहिलं: ‘ही गोष्ट संपादकाच्या ध्यानात आली नाही. ती संपादकाची चूक. दुसरे वाक्य पूर्ववत ठेवले आहे. पहिले वाक्य मुलाखत देणाऱ्यांच्या विनंतीवरून काढले असून त्यात अन्य कोणाविषयी काही नव्हते.’ मग पॅड हातात धरून त्यांनी ते सगळं मला पहिल्यापासून वाचून दाखवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मंजूर?"

तुमचे आजोबा पेपरच्या मागे हलत होते. आवाज येऊ नये म्हणून त्यांनी पेपर चावला असावा.

"मंजूर," मी म्हणाले. अशी निळी खूण त्यांनी आयुष्यात कोणाच्या नावापुढे इतक्या समाधानानं केली नसेल.

आता इतक्या वर्षांनंतर, म्हणजे फार नाही, तीनच झाली, मी शांतपणे सांगू शकते की ते बरोबर होते. मात्र हे त्यांच्यासमोर मी कधी बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी तेही लिहून घेतलं असतं.

पुढच्या वर्षी त्यांची मुलगी त्यांना नाशिकला घेऊन गेली आणि त्या थंडीत ते तिथेच वारले. ते जबलपूर सोडून निघाले तेव्हा निरोप द्यायला मी स्टेशनवर गेले होते, पण त्या दिवशीचे ते मला नीट आठवत नाहीत. सामान, नातेवाईक, गर्दी. डोळ्यांसमोर येतात ते चिठ्ठी चढवली त्याच्या दुसऱ्या दिवसाचे.

दुपारी चारच्या सुमाराला आम्ही दोघं ऑटोनं गोरखपूरला मालतीबाईंकडे गेलो. मी सगळी मुलाखत चिठ्ठीसकट मोठ्या अक्षरांत छापून घेतली होती. मालतीबाई अंगणात वेताच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मला आत जायचा धीर होईना, म्हणून मी फाटकाशीच, ऑटोजवळ उभी राहिले.

"छापून आणलं का?" त्यांनी विचारलं. "त्या फोनवर आता माझा भरवसा नाही."

"छापून आणलं," म्हणत भाऊजी पायरीवर टेकले आणि वाचायला लागले. दोन ओळी झाल्या असतील.

"उठ," मालतीबाई म्हणाल्या.

"अं?"

"बसून काय पुटपुटून राहिला? उभा राहा. पाय जरा दूर घे. कागद तोंडासमोर नको, छातीशी धर. मान वर. हं, आता बोल. फाटकाबाहेर गेलं पाहिजे."

भाऊजी उठले. पाय दूर घेतले. बाह्यांची बटणं चाचपली. कागद छातीशी धरला. आणि आयुष्यभर दुसऱ्यांची मापं काढणारा तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस घसा खाकरून, मान वर करून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात वाचू लागला. अवनीचं वाक्य आलं, त्यात मालतीबाईंचं नाव आलं. मग चिठ्ठी आली आणि तिच्यात माझं नाव, आडनावासकट, तितक्याच मोठ्यानं. ऑटोवाल्यानं इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे वळून पाहिलं.

समोरच्या घरातली सून घाबरून दारात आली. "क्या हुआ दादी? झगड़ा हो रहा है क्या?"

मालतीबाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. त्यांचं सगळं लक्ष भाऊजींच्या पायांकडे होतं.

"नहीं बेटा, रिहर्सल है," त्या म्हणाल्या. "हं गजानन. पहिल्यापासून."